टेकूवर उभी घड्याळे

सोलापूरच्या नवी पेठेत घड्याळ दुरुस्तीची आता मोजकीच दुकाने उरली आहेत. त्यातल्या एका दुकानात मी वीसेक वर्षे सेल बदलून घ्यायला जातो. तिथल्या काउंटरखाली दोन खण आहेत. डाव्या खणात दुरुस्तीला आलेली जुनी घड्याळे असतात: एचएमटीची जनता, कोहिनूर, एखादे टायटन, कॅसिओची प्लास्टिकची डिजिटल घड्याळे. उजव्या खणात स्मार्ट वॉच. काळ्या काचेची, रबरी पट्ट्याची, सगळी एका साच्यातून काढल्यासारखी. मागच्या दिवाळीत मी ती सहज मोजली, तर एकतीस भरली.

"ह्या खणातलं घड्याळ परत जातंय बघा सर," दुकानदार डोळ्यावरचे भिंग कपाळावर सरकवत म्हणाले. "सफाई केली, तेल दिलं, सेल टाकला, की चालू. त्या खणातलं न्यायलाच कोण येत नाही. आतली बॅटरी चिकटवलेली, उघडताना काच फुटतीय. कशीबशी बॅटरी बसवली, तर मोबाईलला जोडत नाही म्हणत्यात. मग मी त्याला काय करू?"

मनगटावर संगणक बांधायची हौस आजची नाही, तिला पन्नास वर्षे उलटून गेली. या काळात कितीतरी कंपन्यांनी हा प्रयोग केला. त्यातले काय टिकले आणि काय गेले हे शोधत गेले की त्या दोन खणांतलाच फरक पुन्हा पुन्हा दिसतो. जे घड्याळ दुसऱ्या कशाच्या टेकूवर उभे होते, ते टेकू निघाला त्या दिवशी संपले. मग ते कितीही हुशार असो, कितीही महाग असो.

सुरुवात अमेरिकेतल्या हॅमिल्टन कंपनीच्या पल्सरपासून करू. १९७० च्या मे महिन्यात त्याचा नमुना जगाला दाखवला गेला आणि १९७२ च्या एप्रिलमध्ये ते विक्रीला आले. १८ कॅरट सोन्याची केस, किंमत २,१०० डॉलर. काटे नाहीत, तबकडी नाही. गडद काचेमागे लाल आकडे उजळायचे. पण हे आकडे वीज इतकी खायचे की ते सतत पेटते ठेवता येत नव्हते. वेळ बघायची तर बटण दाबावे लागे. म्हणजे घड्याळ एका हातावर आणि ते बघायला दुसरा हात मोकळा हवा. एका हातात पिशवी धरून बसमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या ते कामाचे नव्हते. १९७५ च्या अखेरीस याच पल्सरला कॅल्क्युलेटर जोडला गेला, पण विजेची ही अडचण तशीच राहिली. खरे तर ती आजही सुटलेली नाही. ॲपलने २०१५ साली आपले पहिले घड्याळ बाजारात आणले, तेव्हा त्याची बॅटरी १८ तास चालेल असे सांगितले होते. ज्या वस्तूला आपल्या आजोबांनी सकाळी एकदा चावी दिली की दुसऱ्या दिवसापर्यंत बघावे लागत नव्हते, ती वस्तू इतका प्रवास करून पुन्हा एका दिवसावर आली.

१९७७ साली ह्यूलेट-पॅकार्डने एचपी-०१ काढले. मनगटी संगणक या नावाला शोभणारे हे पहिले यंत्र, असे मी मानतो. त्यावर २८ कळा होत्या, आणि त्यातल्या बहुतेक इतक्या बारीक की बोटाने दाबता येत नसत. त्यासाठी पट्ट्याच्या बकलमध्ये एक छोटी लेखणी बसवलेली होती. त्याची खरी करामत मात्र वेगळी होती. त्यात चालू वेळ हीसुद्धा गणितातली एक संख्या होती. लांबच्या फोनचा मिनिटाचा दर भरायचा, स्टॉपवॉच सुरू करायचे, की बोलता बोलता बिल वाढताना मनगटावर दिसायचे. पुढे दहा-बारा वर्षांनी आपल्याकडे एसटीडी बूथ आले आणि काचेच्या खोलीत तशाच लाल आकड्यांत रुपये सरकताना पाहून माणसे घाईघाईने निरोप आटपू लागली. तेच काम एचपीच्या इंजिनिअरांनी मनगटावर करून दाखवले होते. हे घड्याळ कुणावरही अवलंबून नव्हते. तरीही ते चालले नाही, कारण ते जाड आणि जड होते आणि किंमत साडेसहाशे डॉलरच्या घरात होती. तेव्हा केवळ आपल्या पायावर उभे राहणे पुरेसे नाही, हेही इथेच नोंदवले पाहिजे.

ही कोंडी जपानने फोडली. लाल दिव्यांच्या आकड्यांऐवजी द्रवस्फटिकाचा करडा पडदा आला. एलसीडीला वीज नावापुरती लागते, त्यामुळे आकडे चोवीस तास दिसू लागले आणि एक सेल वर्षानुवर्षे पुरू लागला. कॅसिओने १९८० मध्ये सी-८० हे कॅल्क्युलेटरचे घड्याळ काढले आणि सोन्याच्या केसमधला संगणक प्लास्टिकच्या केसमध्ये, मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आणला. पुढच्या काही वर्षांत फोन नंबर साठवणारी डेटाबँक घड्याळेही आली.

ही घड्याळे सोलापुरात कशी पोचली, ते त्या काळातल्या माणसांना ठाऊक आहे. परदेशी मालावर जबर जकात होती. मुंबईत मनीष मार्केट आणि मुसाफिरखान्याच्या गल्ल्यांत 'फॉरेनचा माल' मिळायचा. कुणाचा मामा दुबईला, कुणाचा चुलता मस्कतला. रात्री मुंबईहून सुटणाऱ्या सिद्धेश्वर एक्सप्रेसमधून सकाळी उतरणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत कधी टू-इन-वन असायचा, कधी नायलॉनची साडी, कधी हे घड्याळ. आमच्या वर्गात एका मुलाकडे कॅल्क्युलेटरचे घड्याळ आले, तो दिवस मला लख्ख आठवतो. मधल्या सुट्टीत आम्ही त्याच्याभोवती कोंडाळे केले. कळ बोटाने दाबली की शेजारचीही दाबली जायची, म्हणून तो शिसपेन्सिलीचे टोक वापरायचा. बाराचा पाढा आम्हाला तोंडपाठ होता, तरी बारा गुणिले बारा आम्ही त्या घड्याळाला पुन्हा पुन्हा विचारले. परीक्षेच्या दिवशी मास्तरांनी ते काढून टेबलावर ठेवायला लावले. आज नीटच्या परीक्षेला कोणतेच घड्याळ आत नेता येत नाही. त्याची सुरुवात तिथून झाली.

कॅसिओ साधेपणाच्या वाटेने गेली आणि सेको महत्त्वाकांक्षेच्या. १९८२ साली, म्हणजे दिल्लीच्या एशियाडमुळे आपल्या घरांत रंगीत टीव्हीची चर्चा सुरू होती त्याच वर्षी, सेकोने टीव्हीचे घड्याळ काढले. सव्वा इंचाचा पडदा मनगटावर, पण चित्र पकडणारा रिसीव्हर वेगळा. तो खिशात ठेवायचा आणि त्याची वायर बाहीतून मनगटापर्यंत आणायची. पुढच्याच वर्षी आलेल्या 'ऑक्टोपसी' या जेम्स बाँडच्या चित्रपटात ते दिसले. त्या चित्रपटाचे बरेच चित्रीकरण उदयपूरला झाले होते. पडद्यावर ते शोभले. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला मात्र खिशातले ओझे आणि बाहीतली वायर नकोशी झाली.

मग डेटा-२००० आले. नावाप्रमाणे दोन हजार अक्षरे साठवायचे, पण ती अक्षरे भरायला वेगळा कळफलक. १९८४ च्या यूसी-२००० चा कळफलक तर इतका सुसज्ज होता की त्याच्या मोठ्या जोडयंत्रात छपाईची सोय होती आणि बेसिक भाषेत प्रोग्रॅमही लिहिता यायचे. त्याच सुमाराला आलेले आरसी-१००० हे घड्याळ वायरने ॲपल टू, कमोडोर ६४ किंवा आयबीएम पीसीला जोडता यायचे. अभियंत्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. दोन किलोबाइट मेमरीत त्यांनी हे सगळे बसवले होते. पण यातले प्रत्येक घड्याळ आपल्या जोडयंत्राशिवाय अर्धे होते. कळफलक हरवला, वायर तुटली, संगणकाचे मॉडेल बदलले, की मनगटावर उरायचे ते साधे डिजिटल घड्याळ.

या टेकूचे सर्वांत सुंदर आणि सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे टायमेक्सचे डेटालिंक. १९९४ साली मायक्रोसॉफ्टच्या साथीने ते निघाले. त्याला वायर नव्हती. संगणकातले फोन नंबर आणि भेटींच्या वेळा घड्याळात भरायच्या, तर घड्याळ संगणकाच्या पडद्यासमोर धरायचे. पडद्यावर पांढऱ्या आडव्या रेषांची उघडझाप सुरू व्हायची, आणि घड्याळातला बारीकसा डोळा ती उघडझाप वाचून माहिती साठवून घ्यायचा. प्रकाशातून लिहिलेली चिठ्ठीच ती. जुन्या, मागे पोट असलेल्या काचेच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत ओळीओळीने पडदा रंगवतो, त्या झोताच्या नेमक्या तालावर ही सगळी युक्ती उभी होती. नासाने हे घड्याळ अंतराळात न्यायला मान्यता दिली होती. पुढे सपाट पडदे आले. त्यांत तो झोत नाही, तो ताल नाही. घड्याळ तेच, त्याचा डोळाही शाबूत, पण वाचायला समोर काही उरले नाही. ज्याने हे घड्याळ जपून ठेवले आहे, त्याला आज एक भंगारातला मॉनिटरही जपून ठेवावा लागतो.

१९९८ ते २००५ या काळातले प्रयोग भराभर सांगतो. सेकोच्या रुप्युटरला छोटी जॉयस्टिक होती. कॅसिओने २००० साली मनगटावर कॅमेरा आणला. त्यात कृष्णधवल शंभर चित्रे मावायची. त्याच वर्षी आयबीएमच्या संशोधकांनी लिनक्सवर चालणारे घड्याळ करून दाखवले आणि पुढे सिटिझनच्या सोबतीने वॉचपॅड घडवले, पण ते प्रयोगशाळेतून दुकानात कधी आले नाही. २००५ मध्ये फॉसिलने पाम संगणक मनगटावर बसवला. त्याच्याही बकलमध्ये लेखणी होती. एचपी-०१ नंतर अठ्ठावीस वर्षांनी गाडी पुन्हा त्याच बकलपाशी आली होती.

मायक्रोसॉफ्टच्या स्पॉटपाशी मात्र थांबले पाहिजे. २००४ साली विक्रीला आलेली ही घड्याळे एफएम रेडिओच्या लहरींवरून बातम्या, हवामान, शेअरचे भाव मिळवायची. त्यासाठी वर्षाला ५९ डॉलर वर्गणी भरावी लागे. सेवा अमेरिका आणि कॅनडातच होती. १ जानेवारी २०१२ रोजी ती बंद केली गेली आणि त्या दिवशी लोकांच्या मनगटांवरची चांगली चालती घड्याळे एकाच वेळी मुकी झाली. त्यांच्यात कसलाही बिघाड नव्हता. घड्याळ विकत घेणारा आणि घड्याळ चालू ठेवणारा हे दोघे वेगळे असतील, तर मालक कोण, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ पुढे आला.

त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न पेबलच्या ग्राहकांनी केला. २०१२ साली लोकवर्गणीतून एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी करून हे घड्याळ जन्माला आले. कागदासारखा पडदा, चार बटणे, आठवडाभर चालणारी बॅटरी. २०१६ मध्ये कंपनी फिटबिटला विकली गेली आणि २०१८ मध्ये तिची सेवा बंद झाली. पण तोवर या घड्याळासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या हौशी लोकांची फौज तयार झाली होती. त्यांनी 'रिबल' या नावाने आपला सर्व्हर उभारला आणि घड्याळे चालू ठेवली. २०२५ च्या जानेवारीत, फिटबिट विकत घेतलेल्या गूगलने पेबलची मूळ प्रणाली सर्वांसाठी खुली केली. टेकू गेल्यावर घड्याळ वापरणाऱ्यांनीच हात लावून ते उभे धरले, असे या इतिहासात क्वचितच घडले आहे.

आता आपल्याकडे येऊ. १९६१ साली बंगळूरला सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीने घड्याळे बनवायला घेतली. देवनागरी आकड्यांची तबकडी एचएमटीने काढली, अंधांसाठी ब्रेल घड्याळही काढले. २०१६ पर्यंत तिचा घड्याळाचा व्यवसाय जवळपास बंद झाला. नवी पेठेतल्या डाव्या खणात मात्र तो अजून चालू आहे.

मनगटावरचा संगणक सोलापुरात घरोघरी पोचला तो २०१५ च्या आसपास, चिनी डीझेड-०९ च्या रूपाने. सिमकार्ड टाकायचे, मेमरी कार्ड टाकायचे, मनगटावर फोन. स्टेशन रोडवरच्या गाड्यांवर ती टोपलीत ओतून विकायला असायची. त्याच वर्षी शाओमीचा मी बँड ९९९ रुपयांत आला. मुंबईच्या गोकीने त्याआधी वर्षभर मनगटपट्ट्यासोबत आरोग्याचा सल्ला विकायला सुरुवात केली होती. मग देशी नावांच्या कंपन्या उतरल्या, किमती हजार-बाराशेवर आल्या, आणि २०२२ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत उत्तर अमेरिकेला मागे टाकून भारत स्मार्ट वॉचची जगातली सर्वांत मोठी बाजारपेठ ठरला. २०२४ मध्ये ही विक्री घसरली. माझ्या मते त्याचे कारण त्या उजव्या खणातच आहे. एकदा फसलेला माणूस दुसरे घ्यायला धजत नाही.

या हजार-बाराशेच्या घड्याळांबद्दल तीन गोष्टी मी जवळून पाहिल्या आहेत, त्या सांगतो.

पहिली गोष्ट सोलापूरच्या पूर्व भागातल्या, आमच्या ओळखीच्या एका मावशींची. त्या विड्या वळतात. मांडीवर सूप, एका बाजूला भिजवून कापलेली पाने, दुसऱ्या बाजूला तंबाखू. सकाळी घरातले आवरून बसल्या की दिवेलागणीपर्यंत उठणे नाही. मुलाने हौसेने त्यांच्या हातात पट्टा बांधला. संध्याकाळी पट्ट्याने सांगितले की त्या हजारो पावले चालल्या. पट्ट्यातला संवेदक मनगटाच्या हालचालीवरून पाऊल ओळखतो. पान गुंडाळणारे, दोरा आवळणारे मनगट त्याला चालणाऱ्या माणसाचे वाटले. दिवसभर बसून मावशींचे गुडघे धरलेले, आणि मनगट त्यांना शाबासकी देत होते. ज्या कष्टाने त्यांचे घर चालते, ते कष्ट मोजायचे माप त्या यंत्रात कुणी घातलेच नव्हते.

दुसरी गोष्ट कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची, २०२१ मधली. ऑक्सिमीटर मिळेनात, तेव्हा कितीतरी घरांत प्राणवायू दाखवणारे घड्याळ म्हणून स्वस्त स्मार्ट वॉच घेतले गेले. आमच्याही घरात आले. लाट ओसरल्यावर एकदा मी ते सोलापुरी टर्किश टॉवेलच्या गुंडाळीला घट्ट बांधले. हिरवा दिवा लुकलुकला, थोडा वेळ गेला, आणि पडद्यावर आले: नाडी ७४. पुन्हा मोजले, ७१. यात चमत्कार नाही. हिरवा प्रकाश कातडीत शिरतो, रक्त तो शोषते. ठोक्यागणिक रक्त कमी-जास्त झाले की परत येणारा प्रकाशही कमी-जास्त होतो. हा चढउतार पकडून नाडी काढली जाते. चांगल्या घड्याळात आधी समोर माणूस आहे का, हे तपासले जाते. स्वस्त घड्याळ मिळालेल्या गोंधळातूनही एक ताल शोधून काढते आणि पटेल असा आकडा दाखवते. टॉवेलची नाडी दाखवणाऱ्या यंत्राच्या भरवशावर त्या दिवसांत माणसांनी दवाखान्यात जायचे की घरी थांबायचे हे ठरवले असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

तिसरी गोष्ट भाषेची. माझ्या मनगटावरच्या पहिल्या स्मार्ट वॉचवर आईचा मराठी मेसेज आला की नुसते चौकोन दिसायचे. पुढच्या घड्याळात अक्षरे आली, पण वेलांट्या सुटलेल्या आणि जोडाक्षरे मोडलेली. देवनागरी नीट दाखवायची तर अक्षरांची जुळणी करणारा प्रोग्रॅम घड्याळात घालावा लागतो. तेवढा खर्च करायला बनवणारा तयार नव्हता. ज्या देशात चावीच्या साध्या घड्याळावर देवनागरी आकडे होते, त्या देशातल्या लाखो मनगटांवर आपल्या भाषेच्या जागी रिकामे चौकोन आले. हे दुसरे घड्याळ दोन वर्षांत संपले. कंपनीने ॲपच काढून घेतले. फोन बदलल्यावर घड्याळ पुन्हा जोडता येईना, आणि न जोडता ते वेळही बरोबर दाखवीना, कारण वेळ लावायला त्याला स्वतःचे बटणच नव्हते.

यात आमच्या उन्हाची भर. ॲपल आपल्या बहुतेक घड्याळांसाठी शून्य ते ३५ अंश तापमान योग्य सांगते. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. दुपारी दोनला मोटारसायकलवरून कुंभारीला जाणाऱ्या माणसाच्या मनगटाचा विचार करून ही यंत्रे घडलेली नाहीत.

टेकूचा आणखी एक प्रकार आहे, आणि सोलापूरला तो समजायला अवघड जाऊ नये. या शहराची वेळ एके काळी गिरणीचा भोंगा ठरवायचा. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी यांच्या भोंग्यांवर चुली पेटायच्या आणि शाळेची पोरे अंघोळीला पळायची. फाटकावर टाइमकीपर उभा. कामगाराला पाच मिनिटे उशीर झाला की नाही, हे टाइमकीपरचे घड्याळ सांगायचे. म्हणून साठ-सत्तरच्या दशकांत गिरणी कामगाराने हप्त्याहप्त्याने पैसे साठवून एचएमटी घेतले, तेव्हा ती नुसती चैन नव्हती. वेळ पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या मनगटावर आली होती. टाइमकीपरला तो आता आपले घड्याळ दाखवू शकत होता.

२०१८ च्या सुमाराला नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. पाठोपाठ चंडीगडसारख्या शहरांनीही तेच केले. कामगार नेमून दिलेल्या भागात आहे की नाही, ते कचेरीतल्या पडद्यावर दिसू लागले आणि पगार त्याला जोडला गेला. कामगारांनी आणि त्यांच्या संघटनांनी आक्षेप घेतले: घड्याळ चार्ज नसले, सिग्नल नसला, तर आमची हजेरी जाते. कामचुकारपणा आणि कागदावरची खोटी हजेरी हे महापालिकांचे खरे दुखणे आहे, हे मी नाकारत नाही. पण या घड्याळाचा पडदा घालणाऱ्यासाठी नव्हता, कचेरीसाठी होता. टाइमकीपर फाटकावरून उठून कामगाराच्या मनगटावर येऊन बसला. मनगटी संगणकाच्या पन्नास वर्षांत मला सर्वांत जास्त खटकलेला बदल हाच.

याच जातीचे यंत्र वापरणाऱ्याच्या बाजूनेही उभे करता येईल. आषाढी वारीत पंढरपूरला दरवर्षी कितीतरी वृद्ध माणसे आपल्या दिंडीपासून चुकतात आणि लाउडस्पीकरवरून त्यांची नावे पुकारली जातात. एक मोठे बटण, मराठीत एक ओळ दाखवणारा पडदा, तीन-चार दिवस चालणारी बॅटरी आणि बटण दाबले तरच दिंडीप्रमुखाला ठिकाण कळवणारे घड्याळ, एवढेच हवे आहे. सोलापूर २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांच्या यादीत आले होते. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हे घ्यावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

सोलापूरकरांना परावलंबी यंत्र आणि स्वावलंबी यंत्र यांतला फरक शिकवावा लागत नाही. इथली चादर जॅकार्डवर विणली जाते. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते, छिद्र असेल तिथे एक धागा उचलला जातो, नसेल तिथे दबतो, आणि त्यातून मोर किंवा वेलबुट्टी उमटते. १८०४ साली फ्रान्समध्ये निघालेल्या या पद्धतीतली पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेजने आपल्या गणितयंत्रासाठी उचलली आणि संगणकाचा वंश तिथून सुरू झाला. पुठ्ठा फाटला तर तो नव्याने पंच करून देणारा माणूस आमच्याच गल्लीत होता. डिझाइनचा मालक कारखानदार, माग चालवणारा विणकर, पुठ्ठा दुरुस्त करणारा शेजारी. कुठल्या दूरच्या कंपनीने सेवा बंद केली म्हणून माग थांबला, असे कधी झाले नाही.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्याचे पोर्टलही सुरू केले. मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू त्यात आहेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. या दोन्हींचा हात नवी पेठेतल्या उजव्या खणापर्यंत पोचायला हवा. बॅटरी स्क्रूने उघडता आली पाहिजे, तिचा नंबर घड्याळाच्या पाठीवर छापलेला असला पाहिजे, आणि कंपनीने ॲप बंद केले तरी वेळ, गजर आणि तारीख घड्याळावरच लावता आली पाहिजे. एवढी सक्ती झाली तरी बरेच भागेल.

ती होईपर्यंत घड्याळ घेताना दुकानदाराला विचारा: फोन नसताना हे वेळ दाखवेल का? याची बॅटरी सोलापुरात बदलून मिळेल का? यावर मराठी मेसेज वाचता येतो का, ते आत्ता माझ्यासमोर दाखवाल का? तिन्हींचे उत्तर हो आले नाही, तर पैसे खिशातच ठेवा. कॅसिओचे कॅल्क्युलेटरचे सीए-५३ हे घड्याळ १९८० च्या दशकातले आहे आणि आजही नवे मिळते. त्याचा सेल पाच वर्षे चालतो, आणि नवी पेठेत तो पाच मिनिटांत बदलून मिळतो.